कलम कसं उतरतं: घरातल्या माणसावर ३०७ किंवा ३०२ लागलं तर काय करायचं

सांगली, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं माझ्या वकिलीच्या ऑफिसात आली की बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, ३०७ उडतंय का?" १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ होतं ते १०९ झालं, खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं. पण गावात काय आणि बाररूममध्ये काय, तोंडात अजून जुनेच आकडे आहेत. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर खटलाही जुन्याच कलमांखाली चालतो. म्हणून मी इथे जुनं कलम लिहीन आणि गरज असेल तिथे नवं सांगेन.

प्रश्नाचं उत्तर असं की कलम उडतं, कलम उतरतं, आणि कधीकधी यातलं काहीच होत नाही. पण जे होतं ते वकिलाच्या भाषणानं होत नाही. परदेशी मालिकांत दाखवतात तसं सरकारी वकिलाबरोबर बसून मोठं कलम लहान करून घेणं आपल्याकडे गंभीर गुन्ह्यात चालत नाही. गुन्हा कबूल करून शिक्षेची तडजोड करायची तरतूद कायद्यात आहे, पण ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागूच नाही. सेशन्सच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सत्र न्यायालयातल्या, खटल्यात कलम खाली येतं ते कागदातून. डॉक्टरांचा दाखला, पंचनामा, जबाबावरची तारीख, एक्स-रे, सात-बारा. यातले निम्मे कागद गोळा करणं घरच्यांच्या हातात असतं, तेही पहिल्या आठ-दहा दिवसांत. नंतर ते मिळत नाहीत. हे लिहितेय ते त्यासाठी.

पहिला आठवडा

घरच्या माणसाला पोलिसांनी उचललं की घर दोन दिशांना पळतं, एक जण पुढाऱ्याच्या दारात आणि दुसरा पोलीस ठाण्याच्या. माझं सांगणं आहे की एक माणूस सरकारी दवाखान्याकडे लावा. भांडणात तुमच्या बाजूच्या कोणाला लागलं असेल तर त्याला त्याच दिवशी सांगली सिव्हिल किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात न्या आणि "मारामारीत लागलं" असं स्पष्ट सांगून नोंद करून घ्या. "खाजगीत टाके घातले, कशाला पोलीस लफडं" असं म्हणणारे पुढे वर्षभर पस्तावतात. कारण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये लक्ष्मी सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितलेलं आहे की त्याच घटनेत आरोपीला झालेल्या जखमांचा खुलासा फिर्यादी पक्ष देत नसेल, तर ते भांडणाची खरी सुरुवात लपवतायत असं न्यायालय धरू शकतं. किरकोळ खरचटण्याला ही गोष्ट लागू नाही. पण डोक्यावरच्या जखमेला लागू होते, आणि तीन दिवसांनी काढलेला फोटो त्या नोंदीची जागा घेत नाही.

अटक झाली असेल तर अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तुमच्या माणसाला निरोप द्या की डॉक्टरांनी विचारलं तर अंगावरचं सगळं दाखव. रिमांडला उभं केल्यावर न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" भीतीनं मान हलवून "नाही" म्हटलं की रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, तसंच लिहिलं जातं, आणि ते पुढे प्रत्येक वेळी आडवं येतं.

अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. २०२३ च्या पंकज बन्सल निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा ठणकावलं आहे. तो कागद मिळाला का, कधी मिळाला, कोणत्या भाषेत मिळाला, हे टिपून ठेवा. आणि माणसाला घरातून किती वाजता नेलं तेही टिपा. कागदावर अटक संध्याकाळची असते आणि माणूस सकाळपासून ठाण्यात बसलेला असतो. चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं करण्याचं बंधन घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातलं आहे, आणि नेलेल्या वेळेचा पुरावा तुमच्याकडे असेल तरच मला त्यावर बोलता येतं.

सीसीटीव्हीचं तर मी हात जोडून सांगते. चौकातलं किराणा दुकान, पेट्रोल पंप, ग्रामपंचायत, दूध डेअरी यांचे कॅमेरे काही दिवसांतच जुन्या चित्रीकरणावर नवं चढवतात. त्यामुळे कॅमेरा कुठे कुठे आहे ते आधी मला सांगा, म्हणजे तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला तो जप्त करण्यासाठी लगेच अर्ज देता येतो. दुकानदार ओळखीचा असला तरी फक्त व्हॉट्सअॅपवर क्लिप मागवून थांबू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. त्याबद्दलचा महत्त्वाचा निकाल आपल्याकडचाच आहे, जालन्याच्या निवडणूक वादातला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल, २०२०. प्रमाणपत्र नसलं तर क्लिप कितीही बोलकी असली तरी ती पुराव्यात येत नाही. मूळ डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं यंत्र), मूळ फोन जसाच्या तसा ठेवा. त्यातलं काही कापू नका, नाव बदलू नका.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे जन्मतारीख. पोरगं दांडगं दिसतं म्हणून पोलीस "वय १९" लिहितात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र काढून बघा. घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत असेल तर प्रकरण आधी बाल न्याय मंडळाकडे जातं आणि सगळंच चित्र बदलतं. हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो, पण तोवर पोरगं मोठ्या कैद्यांत राहतं, म्हणून पहिल्याच दिवशी बघा.

काय करू नये हेही सांगते. फिर्यादीच्या घरी "मिटवून घेऊ" म्हणत जाऊ नका, साक्षीदाराला फोन करू नका, स्टेटसला "वाघ आत आहे" असलं काही टाकू नका. जामीन फेटाळायला सरकारी वकिलाला एवढं पुरतं. साक्षीदाराला खोटं बोलायला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. माझ्याकडे "साक्षीदार आपण फोडू" म्हणत येणाऱ्याला मी केस घेत नाही आणि त्याचं कारण तोंडावर सांगते. समोरच्या घरातही कोणीतरी रक्तबंबाळ झालेलं असतं. माझं काम तुमच्या माणसानं जे केलं नाही त्याची शिक्षा त्याला होऊ न देणं एवढंच आहे, आणि ते मी जीव तोडून करते.

वकिलाला खरं सांगा. तुम्ही सांगितलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन कायद्यानंच माझ्यावर आहे. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती हे मला उलटतपासाच्या मधोमध साक्षीदाराच्या तोंडून कळलं तर मी तिथे काहीच करू शकत नाही.

जामीन आणि दिवस मोजणं

जामिनाबद्दल थोडक्यात सांगते. अटक व्हायची असेल तर अटकपूर्व जामीन, झाली असेल तर नियमित जामीन, दोन्ही सेशन्समध्ये. पण एक गोष्ट घरच्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर स्वतः लिहून ठेवावी. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र ९० दिवसांत आलं पाहिजे, बाकी गुन्ह्यांत ६० दिवसांत. नाही आलं तर जामीन हा हक्क होतो. मोजणी पहिल्या रिमांडचा दिवस धरून करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नक्की केलं आहे. मात्र मुदत संपल्यावर दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. सकाळी पोलिसांनी दोषारोपपत्र ठेवलं आणि आपण दुपारी अर्ज घेऊन गेलो, तर हक्क गेला.

वकिलाची फी परवडत नसेल तर घर, म्हैस विकायच्या आधी जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात जा. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. तिथले वकील दुय्यम असतात हा समज मनातून काढा. रोज सेशन्सचेच खटले चालवणारी माणसं आहेत ती.

दोषारोपपत्र कसं वाचायचं

दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला मोफत मिळते. ती हातात आली की मी फिर्याद बाजूला ठेवते आणि आधी जखमीचा वैद्यकीय दाखला काढते. फिर्याद माणूस लिहून देतो, त्यात राग असतो, सल्ला असतो, शेजाऱ्यानं सुचवलेली नावं असतात. दाखला ज्या डॉक्टरनं लिहिला त्याला गावातलं भांडण माहीत नसतं.

बांधावरच्या भांडणांत आमच्याकडे हमखास कुऱ्हाड किंवा कोयता येतो. फिर्यादीत लिहिलेलं असतं, "कुऱ्हाडीने डोक्यात वार केला." आता दाखल्यात बघायचं. जखमेच्या कडा स्वच्छ कापल्यासारख्या आहेत की ठेचून फाटल्यासारख्या? डॉक्टर दुसऱ्या प्रकाराला सी.एल.डब्ल्यू. लिहितात आणि पुढच्या रकान्यात हत्याराचा प्रकार "कठीण व बोथट" असा देतात. म्हणजे कुऱ्हाड असेलही, पण पात्याचा वार नाही, तुंब्याचा, म्हणजे मागच्या बोथट बाजूचा आहे. ज्याला ठार मारायचंय तो पातं सोडून तुंबा मारत नाही, हा युक्तिवाद तिथे जन्माला येतो. मग पुढचं. एकच जखम आहे का? दुसरा वार करायला कोणी अडवलं होतं का, की स्वतःहून थांबला? हत्यार घरून आणलं, की तिथेच रानात पडलेलं उचललं? ३०७ मध्ये जखम केवढी यापेक्षा हेतू काय होता हे बघतात. म्हणून "जखम साधी आहे, कलम उडणारच" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, बलराम बामा पाटील, सांगून ठेवलंय की जखम जिवावर बेतणारी नसली तरी ३०७ लागू शकतं. आमचा मुद्दा जखम लहान असल्याचा एकटा नसतो. हत्याराची बाजू, वारांची संख्या, जागा, आधीचं वैर, नंतरचं वागणं, हे सगळं एकत्र ठेवून हेतू नव्हता असं दाखवावं लागतं.

हेतू गेला की उरतं ते दुखापतीचं कलम, आणि इथे एक्स-रे येतो. दाखल्यात "अस्थिभंग, गंभीर" लिहिलेलं असतं, पण प्लेट कुठाय? कित्येक दोषारोपपत्रांत ती जोडलेलीच नसते, आणि ज्यानं एक्स-रे वाचला तो डॉक्टर साक्षीदारांच्या यादीत नसतो. प्लेट नसेल, वाचणारा नसेल, तर हाड मोडलं हे सिद्ध कशानं करणार? तेवढ्यावर ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) चं ३२४ (घातक हत्यारानं साधी दुखापत) होतं. नव्या कायद्यात हीच जोडी ११८ च्या दोन पोटकलमांची आहे. एकात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, दुसऱ्यात ३ वर्षांपर्यंत. एवढं अंतर एका काळ्या प्लेटवर अवलंबून असतं. आणखी एक बदल ध्यानात ठेवा. "गंभीर दुखापत" ठरायला पूर्वी २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद असावी लागत, नव्या संहितेत ते १५ दिवस झाले आहेत. त्यामुळे दवाखान्यातून सुट्टीची तारीख आता जास्त बारकाईनं बघावी लागते.

त्यानंतर मी तारखा आणि वेळा एका कोऱ्या कागदावर उभ्या लिहून काढते. घटना, दवाखाना, फिर्याद, जबाब, अटक, जप्ती, मुद्देमाल प्रयोगशाळेत. फिर्याद उशिरा आली आणि त्या वेळात नावं वाढली का? डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा साक्षीदार त्याच गावात असून त्याचा जबाब दहा दिवसांनी का? रक्ताचे कपडे जप्त झाले आणि रासायनिक तपासणीला जाईपर्यंत कुठे होते, त्यावर लाखेचं सील होतं का, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या होत्या का?

"आरोपीने निवेदन करून हत्यार काढून दिले" हा पंचनामा प्रत्येक खटल्यात असतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग होतो. म्हणून या पंचनाम्यावर सगळं टेकलेलं असतं. त्यात आरोपीचे नेमके शब्द आहेत का, की पोलिसी मराठी? जागा सगळ्यांना येण्याजाण्यासारखी उघडी होती का? पंच त्याच ठाण्याच्या इतर पंचनाम्यांतही आहेत का? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशा पंचनाम्यांची चांगलीच झडती घेतली आहे. तरुण वकिलांनी तो निकाल पूर्ण वाचावा.

खुनाच्या खटल्यात प्रत्यक्ष साक्षीदार नसेल आणि सगळं परिस्थितीजन्य असेल, तर पुण्याचा शरद बिरधीचंद सारडा खटला (१९८४) आजही पाया आहे. साखळीतली प्रत्येक कडी पक्की हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची शक्यता शिल्लक राहता कामा नये. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

३०२ चं ३०४

माणूस गेलाच असेल, आणि मारणारा आपलाच होता हे नाकारण्यात अर्थ नसेल, तर प्रामाणिक बचाव म्हणजे खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक. ठरवून मारलं की भांडणाच्या भरात? अचानक, पूर्वतयारीशिवाय झालेलं भांडण, रक्त तापलेलं, आणि मारणाऱ्यानं गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा केला नाही, अशा वेळी खुनाचं कलम उतरतं. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, याहून कमी शिक्षाच नाही. सदोष मनुष्यवधाच्या ३०४ मध्ये (आता १०५) हेतू धरला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, आणि फक्त जाणीव होती असं ठरलं तर १० वर्षांपर्यंत. ही ५ वर्षांची खालची मर्यादा नव्या संहितेनं घातली, जुन्यात ती नव्हती.

वेळ इथे सगळ्यात महत्त्वाची असते. मुंबईचा नानावटी खटला सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्यात शेवटी काय झालं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बायकोनं कबुली दिल्यावर कमांडर नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले, कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि गोळ्या झाडल्या तेव्हा चार वाजून गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं की राग शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, आणि खुनाची शिक्षा कायम केली. म्हणून मी घरच्यांना मिनिटामिनिटाचं विचारते. वाद कधी सुरू झाला, तो घरी गेला होता का, परत आला तेव्हा हातात काय होतं? मारल्यावर पळाला, की गाडी करून जखमीला दवाखान्यात नेलं? नेलं असेल तर गाडीवाल्याचं नाव आणि दवाखान्याच्या केसपेपरवर "आणणाऱ्याचे नाव" या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तुमच्या माणसाचं नाव तिथे असेल तर तो कागद सोन्याचा.

खटला उभा राहण्याआधी सेशन्समध्ये दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या कायद्यात त्याला खटला सेशन्सकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. पण या टप्प्यावर न्यायाधीश फक्त पोलिसांचे कागद बघतात, आपल्या घरातले नाहीत. त्यामुळे ज्यांचं नाव केवळ "सोबत होता" एवढ्यापुरतं आलंय, अशा भावाबंदांसाठी मी हा अर्ज करते. मुख्य आरोपीसाठी बहुतेक वेळा नाही, कारण आपले पत्ते उगाच आधी दिसतात. पूर्ण दोषमुक्ती मिळाली नाही तरी ३०७ काढून ३२६ वर आरोप ठेवा, असं त्याच वेळी म्हणता येतं.

आणि मिटवणं? ३०७ किंवा ३२६ खालच्या न्यायालयात मिटत नाही. उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. २०१४ च्या नरिंदर सिंह निकालानुसार ३०७ असलं तरी जखमा, हत्यार आणि टप्पा बघून तडजोड मान्य होऊ शकते, पण खून, बलात्कार, दरोडा यांत नाही. तडजोड दोन्ही घरांच्या मनापासून असावी. फिर्यादीला न्यायाधीशांपुढे विचारतात, आणि दबाव असेल तर तिथेच कळतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यानं आपल्याला मुंबईच्या फेऱ्या पडत नाहीत, हे गरीब पक्षकारासाठी फार मोठं काम झालंय.

उलटतपास

नावगाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून एक खटला सांगते. ऑक्टोबरचे दिवस, बांधावरून भांडण, एकाच्या डोक्यात कुऱ्हाड. आरोपी दोन भाऊ, कलम ३०७. साक्षीदार म्हणाला, मी माझ्या रानातून सगळं पाहिलं, थोरल्यानं कुऱ्हाड मारली, धाकट्यानं काठी.

घटनास्थळाचा पंचनामा हातात घेऊन मी चतुःसीमा वाचत होते. साक्षीदाराचं रान आणि घटनास्थळ यांच्यामध्ये तिसऱ्याच माणसाचा गट होता. त्या गटाचा सात-बारा आरोपींच्या चुलत्याला काढायला सांगितला. पीक पाहणीत ऊस. उलटतपासात मी एवढंच विचारलं: मधला गट कोणाचा? त्यात त्या वर्षी काय होतं? लागण आडसाली होती का? भांडणाच्या दिवशी तो ऊस केवढा झाला होता? साक्षीदार सरळ शेतकरी, त्यानं खरं ते सांगितलं: "माणसाच्या डोक्याच्या वर होता." मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. "मग तुम्हाला दिसलं कसं?" हा प्रश्न मनात आला तरी विचारायचा नाही. विचारला असता तर तो म्हणाला असता, आरडाओरडा ऐकून मी पळत बांधावर आलो, आणि भोक बुजलं असतं. जो निष्कर्ष न्यायाधीशांनी काढायचा तो साक्षीदाराच्या तोंडून वदवून घ्यायला जाऊ नये.

दुसरा मुद्दा धाकट्या भावाचा. पोलीस जबाबात काठीचा उल्लेखच नव्हता. ते दाखवल्यावर साक्षीपत्रात जे उतरलं ते प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असलेलं वाक्य आहे: "आरोपी क्र. २ ने काठीने मारले ही बाब मी पोलिसांना जबाब देताना सांगितली होती. ती माझ्या जबाबात का लिहिलेली नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." इथे नवखे वकील खूश होऊन खाली बसतात. पण काम अर्धंच झालेलं असतं. तपास अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारावं लागतं की या साक्षीदारानं तुम्हाला असं सांगितलं होतं का, आणि त्याच्या तोंडून "नाही, तसे सांगितले नव्हते" हे नोंदवून घ्यावं लागतं. ते राहिलं तर ती उणीव पुराव्यात सिद्ध झालीच नाही. दोन साक्षींमध्ये कधीकधी वर्ष जातं, म्हणून मी अशा प्रत्येक मुद्द्याची वेगळी यादी फाइलच्या पहिल्या पानाला टाचून ठेवते.

आपल्याकडे साक्षीदार एका ठिकाणी खोटा ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून देत नाहीत. न्यायाधीश निवडून घेतात. याही खटल्यात तसंच झालं. धाकटा निर्दोष सुटला. थोरल्याची कुऱ्हाड जखमीच्या स्वतःच्या साक्षीनं सिद्ध झाली, पण जखम एक, बोथट, आणि एक्स-रे नाही, म्हणून ३०७ गेलं आणि ३२४ खाली शिक्षा झाली. मला तो निकाल योग्य वाटला. त्यानं मारलं होतं, आणि जेवढं मारलं तेवढ्याचीच शिक्षा झाली.

घरच्यांनी उलटतपासाच्या तयारीत काय करावं? घटनास्थळाचा हाताने काढलेला नकाशा आणा. विहीर, गोठा, रस्त्याचा दिवा, अंतर पावलांत. घटना रात्रीची असेल तर त्या फीडरवर तेव्हा वीज होती का, हे महावितरणच्या कार्यालयातून लेखी मागा. आधीचे वाद असतील तर त्यांचे कागद द्या, मोजणीचा अर्ज, तहसीलदारांकडचा रस्त्याचा दावा, जुनी एनसी (पोलिसांकडची अदखलपात्र तक्रार). पण आधी दाखवायला द्या, थेट दाखल करायला सांगू नका. जुनं वैर दुधारी असतं, त्यातून खोटी फिर्याद निघते तसा खुनाचा हेतूही निघतो.

पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा सांगून विचारतात. "खोटे आहे", "माहीत नाही" एवढंच सांगून बाहेर येणारे आरोपी मी फार बघते. आपली बाजू खरी असेल तर ती सांगायची हीच जागा आहे. मी लेखी जबाब तयार ठेवते आणि आदल्या संध्याकाळी आरोपीला तो त्याच्या बोलीत समजावते, म्हणजे तो त्याचाच राहतो.

शिक्षा झालीच तर

दोषी धरल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकून घेतलं जातं. तो उपचार समजून दोन वाक्यांत उरकू नये. आई-वडिलांची आजारपणं, मुलांची शाळा, आधीचा एकही गुन्हा नसणं, जखमीला दिलेला दवाखान्याचा खर्च, यांचे कागद त्या दिवशी हातात हवेत. जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि पहिलीच वेळ असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी करता येते. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. तुरुंगातून त्याचा दाखला आधीच मागवून ठेवा.

आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल तर अपिलासाठी तेच न्यायालय जामीन देऊ शकतं, तो अर्ज आणि जामीनदार त्याच दिवशी तयार ठेवा. त्याहून मोठी शिक्षा असेल तर शिक्षेला स्थगिती उच्च न्यायालयातून घ्यावी लागते, आणि अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती लगेच मागून घ्या. साक्षीपत्रं, पंचनामे आणि निशाणी पडलेल्या सगळ्या कागदांच्या नकलांचा अर्जही त्याच संध्याकाळच्या आत नकल विभागात द्या, म्हणजे कोल्हापूरच्या वकिलाकडे जाताना पिशवीत पूर्ण संच असेल.